डोंगरावरच्या घरात चार आसनं

वोल्फ्सबुर्गात लोक कशाचीही किंमत गाडीत सांगतात. नवं स्वयंपाकघर केलं तर ते "छोट्या गाडीएवढं पडलं", मुलीचं लग्न "मोठ्या गाडीएवढं". निम्म्या गावाचं पोट कारखान्यावर असल्यावर दुसरं काय होणार? म्हणून इटलीतल्या त्या घराची जाहिरात मला सापडली तेव्हा मीही नवऱ्याला तसंच सांगितलं, "अहो, जुन्या गाडीच्या किमतीत आख्खं घर आहे. डोंगरावर. गच्चीतून समुद्र दिसतो." नवरा नुकताच कामावरून आला होता, बूट काढत होता. म्हणाला, "छप्पर आहे का त्याला?"

छप्पर होतं. बाकी फारसं काही नव्हतं. नळाला पाणी नव्हतं, खालच्या खोलीत पूर्वी कुणीतरी बकऱ्या बांधत असावं, आणि तरुण माणसं केव्हाच शहरात निघून गेल्यामुळे गावात म्हातारेच उरले होते. ते दिवसभर चौकातल्या बाकावर बसून आमच्यासारख्या वाट चुकल्यागत आलेल्या माणसांकडे बघत. मला ते गाव बघताक्षणी आवडलं. वोल्फ्सबुर्गच्या नोव्हेंबरात म्हातारं व्हायची माझी तयारी नव्हती. माहेरचं नाशिक आता मला ओळखत नाही आणि मीही त्याला ओळखत नाही. मला अशी एक जागा हवी होती जिथे जायला कुणाचं लग्न किंवा कुणाचं आजारपण असं निमित्त लागणार नाही. आणि तिथे एकटं नव्हतं राहायचं मला. आपल्या माणसांबरोबर राहायचं होतं.

आपली माणसं म्हणजे माझा भाऊ आणि वहिनी. निम्मं घर त्यांचं, निम्मं आमचं, असं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोहे खाता खाता ठरलं होतं. वरच्या दोन खोल्या आम्हाला, खालच्या दोन त्यांना, गच्ची सगळ्यांची.

भाऊ सख्खा नाही. त्याची ओळख मला राग येण्याआधीची करून द्यायला हवी, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय केला असं कुणीतरी म्हणायचं. म्हणणारे आहेत.

मला सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या भाऊबीजेला मी ताट घेऊन बाल्कनीत गेले, कारण ज्यांना भाऊ नसतो त्या आपल्याकडे चंद्राला ओवाळतात. नाशिकला आई माझ्याकडून दरवर्षी ओवाळून घ्यायची. इथे समोर कारखान्याची धुराडी आणि वर राखाडी आभाळ. मी धुराड्यांकडे तोंड करून निरांजन फिरवत होते. तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून सांगलीकडच्या मराठीत आवाज आला, "ताई, चंद्र तिकडं नसतो. हिकडं बघा, शाळेच्या छपरावर." मी तोंड फिरवलं. शाळेच्या छपराच्या वर खरंच नखाएवढी कोर होती, ढगातून जेमतेम दिसणारी. मी ओवाळलं. मग तोच आवाज म्हणाला, "चंद्राचं झालं असंल तर मी येऊ का खाली? मलाबी बहीण नाही."

तो आला, पाटावर बसला, डोक्यावर हातरुमाल ठेवला, आणि मी त्याला ओवाळलं. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. पुढे त्याचं लग्न झालं तेव्हा करवली मी होते. माझ्या मुलीचे कान टोचले तेव्हा तिला मांडीवर घेऊन मामा म्हणून तो बसला होता. तिच्या आनमेल्डुंगपासून, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासून, आमच्या पहिल्या गाडीपर्यंत प्रत्येक कागदाला तो आमच्याबरोबर कचेऱ्यांत आला, कारण त्याचं जर्मन आमच्यापेक्षा चांगलं होतं. इटालियनही त्याला येत होतं. कारखान्यात इटालियन घराण्यांची तिसरी पिढी कामाला आहे, त्यांच्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत बसून बसून तो शिकला होता. घराचा सौदा त्यानं बोलायचा यात मला वावगं काहीच दिसलं नाही.

सौदा नोंदवणाऱ्या इटलीतल्या नोटारकडची तारीख, म्हणजे टेरमीन, ठरली आणि नेमक्या त्याच आठवड्यात नाशिकला सासूबाई पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आम्ही दोघं पहिल्या विमानानं निघालो. विमानतळावर सोडायला तोच आला होता. बॅगा उतरवताना म्हणाला, "आल्झो, दाजी, असं करू. दोन नावं लावायची तर तुमच्या सह्या लागणार, नोटारकडचा टेरमीन पुढं जाणार, आणि तवर तो म्हातारा मालक दुसऱ्याला विकून मोकळा हुईल. आत्ता माझ्या एकट्याच्या नावावर घेतो. तुम्ही आलात की तुमचं नाव चढवू. पैशाचंबी तेव्हाच बघू."

नवऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. माझे तर डोळे भरून आले. असा भाऊ कुणाला मिळतो?

आमची मुलगी कार्ल्सरूहेला शिकते. तिला फोनवर हे सांगितलं तर मराठीत सगळं ऐकून घेऊन तिनं नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं, "हाब्ट इअर दास श्रिफ्टलिश?" म्हणजे हे तुम्ही लेखी घेतलंय का. मी तिला झापलं. म्हटलं, तुझ्या मामाकडून लेखी घेऊ? घरातल्या घरात कागद करतात का कधी? ती म्हणाली, "मामा इस्ट नेट, आबर..." मामा चांगलाय, पण... आणि पुढचं मी ऐकलं नाही. इथे वाढलेल्या मुलांना नात्याला सही लागते, असं मी त्या दिवशी विमानात नवऱ्याला म्हणाले. फार शहाणी होते मी.

त्यानंतरचे तीन उन्हाळे मी त्या घरात राबले. राबले हाच शब्द बरोबर आहे. इस्पितळाच्या लॅबमधली माझी सगळी सुट्टी तिकडे जायची. ब्रेनर घाट ओलांडून गाडी खाली उतरायला लागली की मला माहेरी चालल्यासारखं वाटायचं, आणि मागच्या सीटवर सिमेंटच्या घमेल्यात ठेवलेला लाडवांचा डबा घाटाच्या प्रत्येक वळणाला खडखडायचा. मी भिंती खरवडल्या, चुना लावला, फरशा घासल्या, खिडक्यांना निळा रंग दिला. फोल्क्सहोखशूलच्या संध्याकाळच्या वर्गात बसून नळ, गळती आणि पायरी यांचे इटालियन शब्द पाठ केले. शेजारची म्हातारी मला "पाद्रोना" म्हणायची, घरधनीण. मी तिला म्हणायचे, मी एकटी नाही, आम्ही दोन घरं आहोत. ते मला इटालियनमध्ये नीट सांगता यायचं नाही. ती आपली हसून मला अंजीर द्यायची.

वरच्या खोलीची भिंत खरवडताना एके ठिकाणी पोकळ आवाज आला. गिलावा पाडला तर आत कोनाडा. अगदी आपल्याकडे असतो तसा, वरून कमानदार, तळाला दगडाची फळी. आत वाळलेलं पान होतं आणि मेणबत्तीचा जुना डाग. मी शिडीवरून आनंदानं ओरडले. भाऊ खाली शिडी धरून उभा होता. वर बघून म्हणाला, "देव हितंच ठेवायचे, ताई."

कुणाचे देव, ते मी विचारलं नाही. भावाला असं विचारायचं असतं हे मला कुठे माहीत होतं?

नाव चढवायचं मी विसरले नव्हते. प्रत्येक खेपेला आठवण करत होते. आधी तो म्हणाला, इटलीतला नोटार सुट्टीवर आहे. मग म्हणाला, छपराचं काम उरकू दे. मग म्हणाला, "ताई, पळून चाललंय का घर?" आणि सगळे हसले. मीही हसले. आमचे पैसे तो घेत नव्हता. घेतले असते तर बरं झालं असतं, पण तेव्हा तेही मला त्याचं मोठेपणच वाटत होतं.

घर राहण्याजोगं झालं तेव्हा वास्तुशांत करायची ठरली. अर्थात मीच ठरवली. इटलीत भटजी कुठून आणणार? पुण्यातले एक गुरुजी व्हिडिओ कॉलवर पूजा सांगतात, त्यांची वेळ घेतली. समिधा, सुपाऱ्या, नारळ, हळकुंडं, सगळं वोल्फ्सबुर्गहून गाडीत घालून नेलं. नारळ फुटू नयेत म्हणून नवऱ्याच्या मोज्यांत गुंडाळले होते. सकाळी उठून मी दाराला तोरण बांधलं, उंबऱ्यावर रांगोळी काढली, लोखंडी परातीत होमाची विटांची मांडणी केली. कोनाड्यात गणपती बसवला. आणि देवासमोर चार आसनं मांडली. दोन त्यांची, दोन आमची.

शेजारची म्हातारी आणि चौकातले दोघं म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. त्यांना भिंतीलगत खुर्च्या दिल्या. लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि आम्ही चौघं आसनांवर बसलो. गुरुजी दिसायला लागले, मागे त्यांच्या घरातला फ्रिज. त्यांनी आमची तयारी बघितली, मान डोलावली आणि चष्मा सारखा करत म्हणाले, "चार आसनं का? घर दोन जोडप्यांचं मिळून आहे का? संकल्पात नावं घ्यावी लागतील. ज्यांचं घर, त्यांनीच पाटावर बसायचं."

मी म्हणणारच होते. माझं तोंड उघडलं होतं. पण तो माझ्या आधी बोलला, आणि गुरुजींपुढे असल्यामुळे अगदी स्वच्छ पुणेरी मराठीत बोलला.

"नाही, गुरुजी. घर आमचं दोघांचंच आहे. ही माझी बहीण आणि मेहुणे."

"हां, मग बहिणीनं बाजूला बसावं," गुरुजी म्हणाले. "नंतर तिचा मान करा."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वहिनीनं बघितलं आणि पदर सारखा केला. मला आधी वाटलं, गुरुजींना समजावत बसायला नको म्हणून म्हणाला असेल. मनच ते, त्याला सवय असते आपल्या माणसाची बाजू घ्यायची. मग मी त्याच्या मानेकडे बघितलं. तो ज्या तऱ्हेनं मान खाली घालून पळीतलं पाणी हातावर सोडत होता ते बघून मला कळलं की हे वाक्य त्याला आत्ता सुचलेलं नाही. ते केव्हापासून तयार होतं.

मी उठले. दोन आसनं उचलून त्यांच्या घड्या केल्या आणि भिंतीलगत जाऊन उभी राहिले. नवराही उठला, पाहुण्यांना पाणी विचारायला लागला. म्हातारीनं माझा हात धरून हळूच विचारलं की तू का उठलीस. पाठ केलेल्या सगळ्या शब्दांत याला उत्तर नव्हतं. "सोरेल्ला," मी म्हणाले. बहीण.

संकल्पात त्यांची दोघांची नावं आली, त्याचं गोत्र आलं. होमाचा धूर मी चुना लावलेल्या भिंतीवर चढला. शेवटी वहिनीनं तबक आणलं. त्यात साडी होती, चांगली भारीतली, आणि वर खणाचा तुकडा. सांगलीहून मागवली होती. म्हणजे हेही आधीच ठरलेलं होतं.

माझ्या मावश्यांना, आत्यांना, शेजारणींना भावांनी हक्कसोडीच्या कागदावर सह्या करायला लावून अशाच साड्या दिलेल्या मी लहानपणापासून बघितल्या आहेत. वडिलांच्या घरातला हिस्सा सोडायचा आणि साडीचोळीवर समाधान मानायचं. आई म्हणायची, तुला भाऊ नाही ते एका परीनं बरंच, तुझ्यावर ही पाळी यायची नाही. आणि मी हौसेनं एक भाऊ केला, समुद्रापार, परक्या डोंगरावर, आणि त्यानं माझी साडीचोळीवर बोळवण केली. कागदावर सहीसुद्धा लागली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्यानं वाकून नमस्कारही केला मला, थोरली बहीण म्हणून.

पाहुणे गेल्यावर मी त्याला गच्चीवर गाठलं. खाली समुद्र होता, त्याच्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती.

"कधी ठरवलंस?" मी विचारलं.

त्यानं निदान खोटं तरी सांगायचं. पण सवय आमची, एकमेकांना खरं सांगायची. "नोटारकडं सही करतानाच," तो म्हणाला. "ताई, तू शांतपणे ऐक. उद्या घर आपल्या पोरांवर आलं, एकाला विकायचं असलं, एकाला ठेवायचं असलं, म्हणजे भांडण आलंच. एक नाव बरं असतंय. आणि तुम्ही कधीबी या की. घर तुझंच आहे."

"माझंच आहे तर गुरुजींना तसं का नाही सांगितलंस?"

"गुरुजींपुढं कुठं गुंता वाढवायचा..."

"आणि आम्हाला का नाही सांगितलंस?"

तो कठड्यावरचा चुन्याचा पापुद्रा नखानं काढत राहिला. वहिनी दारात आली होती. ती मऊ आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं काय कमी झालं? पैसे तर आम्ही तुमचे घेतलेच नाहीत."

खरंच होतं. माझं काय गेलं ते कुठल्याच कोर्टात सांगता आलं नसतं. परतीच्या वाटेवर ब्रेनरच्या अलीकडे नवराही तेच म्हणाला, "जाऊ दे गं. आपलं गेलं काय?" मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या पेट्रोलपंपावर उतरून त्याला सांगितलं, "तीन उन्हाळे तो शिडी धरून उभा होता. मी वर चढलेली, त्याच्या भरवशावर. त्याला सगळं माहीत होतं आणि तो माझी शिडी धरून उभा होता. अहो, ते गेलं माझं."  नवरा आत जाऊन दोन कॉफ्या घेऊन आला. साडी आम्ही तिथेच विसरून आलो नाही, एवढं मला आठवतं, कारण ती विसरायची मी फार इच्छा केली होती. नवऱ्यानंच ती डिकीत नीट ठेवली होती.

वोल्फ्सबुर्गात बातमी पसरलीच. इथल्या मराठी मंडळात सगळे सगळ्यांच्या गणपतीला जातात, लपणार काय? कुणी म्हणालं, व्यवहारात असं होतं. कुणी म्हणालं, शेवटी सख्खा नव्हे तो. हे ऐकून मला त्याच्यापेक्षा बोलणाऱ्याचाच राग आला. सख्खा नव्हता म्हणूनच तर तो मी निवडला होता. मुलीनं "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. ती कार्ल्सरूहेहून आली, माझ्याशेजारी बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, मामा असा का वागला?" त्या प्रश्नानं मी रडले. तोवर रडले नव्हते.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नेहमीसारखा फोन. "ताई, उद्या पाचला येतो. बासुंदी कर." इतक्या सहज म्हणाला की मी "ये" म्हणून बसले. खरं सांगायचं तर मला तो यायला हवा होता. दिवसभर दूध आटवताना मी मनात घोकत होते की तो येईल, पाटावर बसायच्या आधी म्हणेल, ताई, चुकलो, चल नोटारकडे. एवढंच म्हणाला असता तरी मी मागचं सगळं सोडून दिलं असतं.

तो आला, एकटाच. बूट काढले, पाटावर बसला, डोक्यावर हातरुमाल ठेवला. केस बरेच पिकलेत त्याचे. मी निरांजन लावलं, सुपारी आणि अंगठी ताटात ठेवली. मी ओवाळायच्या आधीच त्यानं खिशातून लाल फीत बांधलेली किल्ली काढून ताटात ठेवली. मोठी, जुन्या पद्धतीची. त्या निळ्या खिडक्यांच्या घराची.

"यंदाची ओवाळणी," तो म्हणाला. "कधीबी जा. विचारायचंसुद्धा नाही."

सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मिटलं.

मी विचारलं, "कुणाच्या घराची किल्ली आहे ही?"

"तुझ्या घराची, ताई."

"मग आत्ता सांग. उद्या टेरमीन घेतोस नाव चढवायला?"

तो हसला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, सणाच्या दिवशी काय हे?" नवरा निरांजनाकडे बघत राहिला. भावानं रुमाल सारखा केला आणि ओवाळून घेण्यासाठी हनुवटी थोडी वर केली, दरवर्षी करतो तशी.

मी किल्ली ताटातून उचलून पाटाच्या कडेला ठेवली. ताट घेतलं आणि कोपरानं बाल्कनीचं दार ढकलून बाहेर गेले. बाहेर दाट धुकं होतं. शाळाही दिसत नव्हती, चंद्राची तर बातच नको. पण तो कुठल्या बाजूला असतो ते मला माहीत होतं, भावानंच दाखवलं होतं. त्या बाजूला तोंड करून मी ओवाळलं.